मागच्या सीटचं माप

आमच्या घरात गुरुवार हा सासूबाईंचा होता. हे कुणी ठरवलेलं नव्हतं, ठरवायची वेळच आली नव्हती. नवरा भोसरीला कारखान्यात, तिकडच्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारी. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात, मला सुट्टी रविवारी. लग्न झाल्यापासून आम्हा दोघांना एकत्र सुट्टी मिळायची ती दिवाळीत, नाहीतर नात्यातलं कुणी गेलं तर. म्हणूनच यांचा संसार टिकलाय, असं माझा भाऊ चारचौघांत म्हणायचा आणि मीही हसायचे.

तर गुरुवारी सकाळी नवरा स्कूटर पुसायचा आणि आईला मागे बसवून लोणी काळभोरला मावशीकडे न्यायचा. मावशी म्हणजे सासूबाईंची मोठी बहीण. सासूबाई लग्न होऊन पुण्यात आल्या, मावशी लोणीला शेतकऱ्याघरी गेल्या. मावशींचा उजवा खांदा फार वर्षांपूर्वी आखडला होता. हात कानाच्या वर जात नसे. आणि केस कमरेपर्यंत, सगळे पांढरे. स्वतःचे स्वतःला विंचरता येत नाहीत आणि दुसऱ्या कुणाचा हात लागलेला चालत नाही, अशी गत. म्हणून दर गुरुवारी धाकट्या बहिणीने जायचं, ओसरीवर बसून मोठीच्या केसांना तेल लावायचं, गुंता सोडवायचा आणि आठवडाभर टिकेल असा घट्ट अंबाडा घालायचा. मी दोन-तीनदा दिवाळीत गेले होते तेव्हा पाहिलं होतं. दोघी फारसं बोलत नसत. एवढ्या लांबून येऊन बोलायचं नसेल तर फोन बरा, असं तेव्हा माझ्या मनात आलं होतं. माझ्या मनात असलं काहीबाही लवकर येतं.

तेलही सासूबाईच करायच्या. माका, ब्राह्मी, जास्वंदीची फुलं घालून खोबरेल मंद गॅसवर कढवायचं. त्या वासाने माझं डोकं चढायचं. मी तोंडाने कधी बोलले नाही, पण खिडक्या उघडत हिंडायचे, त्यातून जे कळायचं ते कळतच असणार. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांनी मला विचारलं होतं, "तुलाही लावून देऊ का?" मी म्हटलं, "नको आई, कामावर जायचंय, वास येतो." पुन्हा त्यांनी विचारलं नाही. एकदा नाही म्हटलेल्या माणसाला दुसऱ्यांदा विचारणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

सासूबाई स्कूटरवर बसायच्या ते बघण्यासारखं असे. आधी पदर खोचायचा. मग गाडीच्या डाव्या बाजूला पाठमोरं उभं राहायचं, एक हात मुलाच्या खांद्यावर ठेवायचा आणि पाटावर बसावं तसं बसायचं. दोन्ही पाय डावीकडे, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत तेलाची बाटली. हडपसरच्या गर्दीतून, सोलापूर रस्त्याच्या ट्रकांच्या शेजारून त्या अशाच जायच्या, आणि उतरल्यावर साडीची एक निरी हललेली नसे. मी पुण्यात राहून दुचाकी न चालवणारी बाई. कॉलेजात असताना एकदा टिळक रस्त्यावर सायकलवाल्यावर गाडी घातली होती, त्यानंतर हात लावला नाही. त्यामुळे मागे बसण्याच्या कलेत मी स्वतःला जाणकार समजायचे. सासूबाई माझ्याहून पुढच्या होत्या, हे मला मान्य आहे.

मग आमचं ग्रंथालय रविवारीही उघडं ठेवायचं ठरलं. रविवारी कोण येणार, म्हणून साहेबांनी विचारलं. बदल्यात आठवड्यातली दुसरी कुठलीही सुट्टी घ्या, म्हणाले. सगळे एकमेकांकडे बघत होते आणि माझा हात वर गेला होता. "गुरुवार," मी म्हणाले. तो हात वर करताना मला फक्त नवरा दिसत होता, आम्ही दोघं, आणि एक मोकळा दिवस. सासूबाई आठवल्याच नाहीत असं म्हटलं तर ते खोटं होईल. आठवल्या होत्या. त्यांचं काय ते बघू, असं म्हणून मी त्यांना जरा बाजूला सारलं.

मोटरसायकल घेऊ या, हेही मीच म्हणाले. नवऱ्याला तरुणपणापासून जड इंजिनाच्या, लांब जायच्या गाडीचं वेड. पण तो मनातलं बोलणाऱ्यातला नाही. मी सकाळच्या चहाला विषय काढला तेव्हा त्याने बशी खाली ठेवली आणि माझ्याकडे असं बघितलं की मला आधीच का सुचलं नाही याचं वाईट वाटलं. मग तो म्हणाला, "आणि आई?"

"अहो, आईंना काय, मोटरसायकलवरही बसता येतंच की," मी म्हणाले. आणि ते तेव्हा खरं होतं.

गाडी निवडायला आम्ही तीन-चार गुरुवार घालवले. सासूबाई म्हणाल्या, "बघा, नीट बघा. घाईने घेऊन पस्तावू नका." आणि दर गुरुवारी लोणीला फोन करून सांगितलं की या खेपेला जमत नाही. शोरूममध्ये नवरा पुढे बसून हँडल धरायचा, इंजिनाचा आवाज ऐकायचा, विक्रेत्या मुलाशी पिकअपचं बोलायचा. मी सरळ मागे चढून बसायचे. एका ठिकाणी तो मुलगा म्हणाला, "मॅडम, मागे बसून काय कळणार?" मी म्हणाले, "पुढे बसून जे कळत नाही ते." एका गाडीची मागची सीट एवढी उतरती की प्रत्येक ब्रेकला मी नवऱ्याच्या पाठीवर जाऊन आदळणार. दुसरीचे पाय ठेवायचे दांडे इतके वर की गुडघे हनुवटीला. एका गाडीचा सायलेन्सर बरोब्बर पोटरीशी. शेवटी जी घेतली तसलीच एक नवऱ्याच्या मित्राकडे होती, तिच्यावर आम्ही खडकवासल्यापर्यंत जाऊन आलो. धरणाच्या भिंतीपाशी गरम भजी खाल्ली, आणि परत येताना वाऱ्यात मी डोळे मिटून बसले. धक्के बसत होते, पण गाडी अंगात भिनत होती. हीच, मी म्हणाले. जुनी स्कूटर शोरूमवाल्यांनीच बदल्यात घेतली. ती ढकलत आत नेली तेव्हा तिच्या मागच्या सीटचा डावीकडचा भाग जास्त दबलेला मला दिसला. मी तिकडे दुसऱ्यांदा बघितलं नाही.

आता गाडी लांबच्या प्रवासाची आणि दोघांच्या बसण्याजोगी करायची होती, आणि हे काम नाना पेठेतच व्हायचं. तिथे गाडीचा नुसता आरसा हवा असला तरी दहा दुकानं सल्ला देतात. नवऱ्याने मागचे शॉकॲब्सॉर्बर घट्ट करून घेतले, हँडल थोडं उंच केलं, दोन्ही बाजूंना प्रवासी पिशव्या अडकवायच्या लोखंडी फ्रेम बसवायला दिल्या. फ्रेम बसवायची तर डाव्या बाजूचा साडी गार्ड काढावा लागणार होता. साडी चाकात जाऊ नये म्हणून असते ती जाळी, तिच्याच खाली आडवं बसणाऱ्या बाईचे पाय ठेवायची पट्टी. फिटरने विचारलंसुद्धा नाही. एक पाना फिरवला, जाळी काढली, वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिली.

सीट करणारे चाचा तिथून पुढच्या बोळात बसायचे. त्यांना स्वतःच्या कामाचं एवढं कौतुक की गिऱ्हाइकाला करायला काही उरत नसे. कुठल्या पैलवानाची सीट आपण केली, कोण लडाखला जाऊन आला आणि उतरल्या उतरल्या आपल्याला फोन केला, हे सगळं सांगत त्यांनी गाडीची सीट उचकटली. मला पाठीला टेकू हवा होता. माझी कंबर ग्रंथालयाच्या खुर्चीने आधीच कामातून गेलेली. नवरा तेवढ्यात हॉर्न बघायला समोरच्या दुकानात गेला होता.

"टेकू देतो ताई, असा देतो की झोप लागेल," चाचा म्हणाले. "पण मागं तुम्हीच बसणार ना? का घरात साडीवालं कुणी आहे? टेकू आला, बाजूला फ्रेम आली, की आडवं बसणं विसरायचं. आत्ताच सांगा. नंतर माझ्या नावानं ओरडू नका."

हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली जाळी होती. ती चांगली जड होती.

"मीच बसणार," मी म्हणाले.

"दुसरं कुणी नाही?"

"नाही."

"मग तुमच्याच मापानं करतो. बसा एकदा."

त्यांनी फोमचा ठोकळा ठेवला, मला त्यावर बसवलं आणि खडूने माझ्याभोवती रेघ मारली. सरका, वाका, पाय सोडा, असं करत सगळीकडून. मी उतरले तेव्हा फोमवर फक्त माझ्या बसण्याची आकृती राहिली होती. नवरा हॉर्न घेऊन आला, त्याने ती रेघ पाहिली, टेकूचं लोखंड पाहिलं, आणि काही बोलला नाही. हे सांगायचं कारण एवढंच की अपराधाची वाटणी करायची झाली तर त्याचाही वाटा निघतो. पण लहान वाटा. प्रश्न मला विचारला होता.

गाडी घरी आली त्या दिवशी सासूबाईंनी टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. मग नवरा म्हणाला, "आई, पहिली चक्कर तुझी." त्या पदर खोचून गाडीच्या डावीकडे गेल्या, पाठमोऱ्या उभ्या राहिल्या, आणि मागे वळून बघितलं.

"मी कुठून बसायचं?"

नवऱ्याने डावीकडची प्रवासी पिशवी काढली. फ्रेम होतीच. जिन्याशी पडलेल्या वाळूच्या घमेल्यावर पाय देऊन त्या कशाबशा वर चढल्या. टेकूची कड त्यांच्या बरगडीत रुतत होती. खाली पाय ठेवायला काहीच नव्हतं, पाय लोंबकळत होते. एरवी मांडीवर असणारी पिशवी त्यांनी छातीशी धरली होती. नवऱ्याने सोसायटीच्या फाटकापर्यंत चालत्या माणसाच्या वेगाने गाडी नेली आणि परत आणली. त्या उतरल्या, निऱ्या सारख्या केल्या.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "अगदी सोफ्यासारखी. मला सोफ्यावर बसून गावाला जायची सवय नाही, एवढंच."

मग माझ्या हातातलं पुडकं बघून त्यांनी विचारलं, "हे काय?"

"साडी गार्ड. काढलाय."

"असू दे, माळ्यावर ठेव. साड्यांची आता गरज नसली तरी लोखंड आहे."

पुढच्या गुरुवारी त्या आमच्याआधी उठून बाहेर पडल्या. स्वारगेटहून हडपसर, हडपसरहून लोणी, अशा दोन बस. संध्याकाळी आल्या तेव्हा गुडघा टरारून सुजला होता. बसची पायरी त्यांच्या उंचीच्या माणसासाठी केलेली नसते. दोन गुरुवार गेल्यावर नवऱ्याने रिक्षा ठरवून द्यायचा प्रयत्न केला. तेव्हा मोबाइलवरून गाडी मागवायची सोय नव्हती. लोणी म्हटल्यावर पहिला रिक्षावाला काही न बोलता निघून गेला. दुसरा म्हणाला, "काका, लोणीला कशाला, सरळ सोलापूरलाच सोडतो की." सासूबाई म्हणाल्या, "राहू दे. ह्या रिक्षावाल्यांचा वेळ मोलाचा आहे." आणि जिना चढून वर आल्या. त्यानंतर गुरुवारी सकाळी फोन. केस विंचरले का, तेल लावलं का, खांद्याला शेक घेतेस का. फोन ठेवून त्या आम्हाला म्हणायच्या, "निघा तुम्ही. ऊन चढेल."

आणि आम्ही निघायचो. आता हे लिहिताना मान खाली जाते, पण खोटं का लिहू, ते माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे गुरुवार होते. ताम्हिणी, पानशेत, वाई, जुन्नर. टेकूला पाठ लावून मी डोंगर बघत बसायचे. हेल्मेटमधून बोललेलं ऐकू येत नाही म्हणून आमची खुणांची भाषा ठरली होती. डाव्या खांद्यावर एक थाप म्हणजे थांबा, दोन म्हणजे चहा. इतक्या वर्षांत आम्ही एकमेकांशी भाजी, बिल आणि डबा याखेरीज बोललो नव्हतो, ते या थापांनी बोललो. वाईच्या घाटावर नवरा मला म्हणाला, "तू हसतेस तेव्हा पाठीला कळतं." असलं वाक्य त्याने लग्नाआधीसुद्धा कधी म्हटलं नव्हतं.

अपराध वाटायचा तो घरी आल्यावर. सासूबाईंनी जेवण झाकून ठेवलेलं असे. हेल्मेट काढलं की माझ्या वेणीची दशा झालेली असे, वरून धूळ. त्या एकदा बघायच्या आणि ताट वाढायच्या. रात्री मी नवऱ्याला म्हणायचे, "अहो, या गुरुवारी तुम्ही आईंना घेऊन जा. मी घरी बसते." तो म्हणायचा, "कशावर?" आणि ते खरंच होतं. टेकू काढता येतो, फ्रेम काढता येते, जाळी माळ्यावर आहे, हे दोघांनाही माहीत होतं. नाना पेठ काही परदेशात नव्हती. मग तो विचारायचा, "मग कुठं जायचं म्हणतेस?" आणि मी गावाचं नाव सांगायचे.

थंडी आली तेव्हा आम्ही भिगवणला पक्षी बघायला गेलो. भिगवणचा रस्ता म्हणजे सोलापूर रस्ता, लोणीवरून जाणारा. सकाळी जाताना मावशींच्या घराकडे वळायचा फाटा आला, आणि आम्ही दोघंही सरळ समोर बघत पुढे गेलो. दिवसभर पाण्यातले रोहित पक्ष्यांचे गुलाबी पाय बघताना मला तो फाटा दिसत होता. परत येताना तो जवळ आला तेव्हा मी नवऱ्याच्या डाव्या खांद्यावर थाप मारली. एकच.

मावशी ओसरीवर बसल्या होत्या. गाडीचा आवाज ऐकून त्यांनी डोळ्यांवर हात आडवा धरला. कपाळावर ठसठशीत कुंकू, अंगावर हिरवं नऊवारी, मावशींचे यजमान आत खाटेवर खोकत होते. सगळं नेहमीचं. फक्त डोक्यावर केस नव्हते. म्हणजे होते, शाळेतल्या पोराचे असतात तेवढे, कानाच्या वर कापलेले. त्यामुळे मावशींची मान फार बारीक दिसत होती. ती मान मी पूर्वी पाहिलीच नव्हती.

"आरं, ये की," त्या म्हणाल्या. "हीच व्हय नवी गाडी? लई मोठी हाय. पेंढ्या वाहायला बरी."

नवरा पाया पडायला वाकला तो तसाच थोडा वेळ राहिला. मी विचारलं, "मावशी, केस?"

"कापलं. हात वर जातो का माझा? सून करायची बिचारी, पन तिला गुरं हायती, पोरं हायती. मला बी तिचा हात सोसना, मी वरडायची. जटा झाल्या. फनी घुसंना. मग म्हनलं, काप बाई, एकदाचं काप." त्यांनी डावा हात डोक्यावरून फिरवला, आणि तो मानेपाशी रिकामा खाली आला. "आता बरं हाय. डोकं हलकं झालं."

आम्ही चहा घेतला. काय बोललो ते आठवत नाही. निघताना त्या आत गेल्या आणि तेलाची बाटली घेऊन आल्या. सासूबाई शेवटच्या खेपेला बसने घेऊन गेल्या होत्या तीच. निम्म्याहून जास्त भरलेली होती.

"ही तिची तिला द्या. माझ्याकडं उगा वास उडून जायचा."

"आईंना माहीत आहे का, मावशी?"

"न्हाई. फोनवर दर बेस्तरवारी इचारती, केस इंचरलं का. मी म्हनती, व्हय. तेवढं तुम्हीच सांगा आता. माझ्या तोंडातनं निघत न्हाई."

मी ती बाटली पिशवीत ठेवली नाही. घर येईपर्यंत मांडीवर धरून बसले. पाठीमागे टेकू होता, माझ्या मापाचा, आणि त्याला टेकावंसं वाटेना.

सासूबाई स्वयंपाकघरात मेथी निवडत बसल्या होत्या. मी बाटली ओट्यावर ठेवली. नवऱ्याला अचानक गाडीच्या चेनला तेल द्यायची आठवण झाली आणि तो खाली गेला. सासूबाईंनी बाटली उचलून उजेडाकडे धरली.

"संपलं नाही?"

"नाही."

"का?"

मी एका दमात सांगून टाकलं. "मावशींनी केस कापले, आई. गुंता फार झाला होता. सुनेला जमेना."

त्यांनी बाटली खाली ठेवली. मेथीची एक काडी घेतली, पानं खुडली, देठ बाजूला टाकला. मग दुसरी घेतली.

"किती कापले?"

"सगळे. कानाच्या वर."

"मला दर गुरुवारी सांगत होती, विंचरले म्हणून," त्या म्हणाल्या. हे त्या मला सांगत नव्हत्या.

मी भडाभडा बोलत सुटले. म्हटलं, आई, चुकलं माझं. सीट करणाऱ्यांनी विचारलं होतं, मीच सांगितलं दुसरं कुणी बसणार नाही म्हणून. उद्याच टेकू काढून आणते, फ्रेम काढते, जाळी आहे ती परत बसवते. पुढच्या गुरुवारपासून तुम्ही जा. मी नाही जाणार कुठे.

त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

"आता जाऊन काय करू?" त्या म्हणाल्या. "तिच्या डोक्याकडे बघत बसू?"

मी ओट्याला टेकून उभी राहिले. त्या उठल्या, हात धुतले, पुसले. भिंतीला उभा केलेला पाट घेतला आणि जमिनीवर टाकला. स्वतः मागे स्टुलावर बसल्या.

"बस."

"आई?"

"बस खाली. आरशात बघितलंयस का स्वतःला? हेल्मेट घालतेस का टोपलं?"

मी पाटावर बसले. त्यांनी वेणी सोडली. बाटलीचं झाकण उघडल्याचा आवाज आला आणि मग तो वास, ज्याच्यासाठी मी इतकी वर्षं खिडक्या उघडत आले होते. त्यांची बोटं केसांत शिरली. मला वाटलं होतं, आता ओढतील. ओढायला हवं होतं, मला बरं वाटलं असतं. पण त्यांनी एकही केस ओढला नाही. गुंता टोकाकडून धरायचा, बोटांनी सैल करायचा, मग फणी. एक बट झाली की दुसरी. दुखेल म्हणून मी दात आवळून बसले होते आणि काहीच दुखलं नाही. मला रडू आलं. पाठमोरी होते, त्यामुळे त्यांना दिसलं नसावं, असं समजून चालले.

"मान सरळ ठेव," त्या म्हणाल्या.

मी वेणी घालते. शाळेपासून वेणीच घालत आले, हे त्यांनाही माहीत आहे. पण त्यांच्या हातांनी तीन पेड पाडलेच नाहीत. सगळे केस एकत्र घेऊन पीळ दिला, मानेशी गोल फिरवला, घट्ट आवळला, आपल्याच अंबाड्याचे आकडे काढून त्यात खोचले. शेवटचा आकडा खोचता खोचता हात थांबले. आपण काय केलं ते त्यांच्या लक्षात आलं असावं. मी वाट बघितली, आता सोडतील आणि वेणी घालतील. त्यांनी सोडलं नाही. तळहाताने अंबाडा एकदा दाबून बघितला, नीट बसलाय का ते.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "आठवडाभर टिकेल."